मेच्या शेवटच्या आठवड्यात तारकर्ली की आश्वे, आणि लाट नक्की बघायची कशी

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: २२ ते २६ मे तुम्ही पुण्याहून कोकणात येताय, तारकर्लीला राहायचं बुकिंग झालंय, बरोबर बायको, ११ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि १९ वर्षांचा भाचा, मुलांना एकदा तरी सर्फिंग करायला मिळावं अशी इच्छा आहे. अ‍ॅपवर लाट १.१ मीटर आणि वारा १८ किलोमीटर दिसतोय, म्हणजे समुद्र ठीक आहे ना, आणि सर्फिंग तारकर्लीलाच करायचं की एक दिवस खाली गोव्यात आश्वेला जायचं.

माझं घर मालवणजवळच्या वायरीचं, आजोबांच्या वेळेपासून घरात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मी स्वतः गेली तेरा-चौदा वर्षं ऑक्टोबर ते मे आश्वे-मांद्रे भागात सर्फिंग शिकवतो आणि पावसाळ्यात घरी असतो, त्यामुळे तुम्ही विचारलेल्या दोन्ही जागा माझ्या रोजच्या आहेत. हो की नाही असं एका शब्दात सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, पण मेचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे दोन ऋतूंचा सांधा. २० तारखेला पाणी तलावासारखं आणि २४ तारखेला घराच्या ओट्यावरून लाटांचा आवाज ऐकू येतो, असं मी दोन-तीन वेळा तरी बघितलंय. त्यामुळे आज आठ-दहा दिवस आधी पक्कं काहीच सांगता येणार नाही, पण काय बघून ठरवायचं ते सांगतो.

आधी तारखांचं बोलू, कारण ते सोपं आहे. महाराष्ट्रात मेरीटाईम बोर्डाच्या नियमाने जलपर्यटन, प्रवासी होड्या, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, वॉटर स्पोर्ट्स हे सगळं २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतं. म्हणजे तुमचा हिशेब २५ तारखेपर्यंतचाच धरा, आणि हवामान बिघडलं तर त्याच्याही आधी बंद करतात. २०२५ ला तेच झालं, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, २४ मेला डिप्रेशन, म्हणजे तोच पट्टा आणखी तीव्र होऊन, रत्नागिरी-दापोलीच्या मधून किनाऱ्याला लागलं आणि २५ मेला मान्सून देवगडपर्यंत येऊन पोचला, जो एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या आठवड्यात आलेले पर्यटक खोल्यांमध्ये बसून राहिले. त्याआधी २०२१ ला तौक्ते वादळ मेच्या मध्यावरच आमच्या अंगावरून गेलं, मालवण-देवगडला माड, होड्या, घरांची छपरं, काय काय गेलं ते आठवलं तरी अजून पोटात कालवतं. तेव्हा बुकिंग कॅन्सल करता येतं का हे आजच विचारून ठेवा, हे काम समुद्राच्याही आधीचं.

आता मुख्य मुद्दा, तुमचे १.१ मीटर.

हा आकडा अर्धवट आहे. अ‍ॅपमध्ये लाटेच्या उंचीशेजारी सेकंदात एक आकडा असतो, पिरियड म्हणतात त्याला, म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी किती सेकंदांनी येते. बहुतेक लोक तो बघतच नाहीत, आणि मी सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी तोच बघतो. १.१ मीटर आणि ६ सेकंद म्हणजे काल दुपारच्या वाऱ्याने इथल्या इथे उठवलेलं पाणी, खळखळ भरपूर, फेस भरपूर, पण अंगात जोर नाही. तेच १.१ मीटर आणि १६ सेकंद असेल तर ती लाट इथली नाहीच, ती खाली दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाच्या वरच्या अंगाला जी वादळं होतात तिथून निघून सात-आठ हजार किलोमीटर चालत सहा-सात दिवसांनी आपल्या दारात आलेली असते. आपल्याकडे आभाळ निरभ्र, वारा शून्य, आणि लाट मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी वादळाची.

फरक असा पडतो की ६ सेकंदांच्या लाटेची लांबी असते साधारण ५५ मीटर आणि १६ सेकंदांच्या लाटेची ४०० मीटर. लाटेला तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून तळ लागायला लागतो, म्हणजे छोटी लाट किनाऱ्याच्या जवळ येईपर्यंत आपल्याच नादात असते आणि मोठी लाट खूप बाहेरूनच तळ घासत, वळत, दाटत येते आणि वाळूच्या पट्ट्यावर आली की उभी राहते. खोल पाण्यात १ मीटर असलेली लाट अशी उभी राहून दीड-पावणेदोन मीटरची होऊन फुटू शकते, तळाचा चढ कसा आहे त्याच्यावर आहे ते. आणि फुटल्यावर जे पाणी वर चढतं ते परत जाताना जी ओढ लागते ती कमरेएवढ्या पाण्यात मोठ्या माणसालासुद्धा उभं राहू देत नाही, आठ वर्षांच्या मुलीचं तर सोडाच.

दुसरी गोष्ट, अशा लाटा सतत येत नाहीत, चार-पाचच्या टोळीने येतात आणि मग दहा दहा, पंधरा पंधरा मिनिटं काहीच नाही. फसायला होतं ते या मधल्या शांततेत. माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मेचीच १८ तारीख, अंदाज ०.९ मीटर, १७ सेकंद, सकाळी सात वाजता आश्वेला पाणी ताटात ठेवल्यासारखं. पिरियड मला दिसला होता पण समोर पाणी इतकं निवांत होतं की मी म्हटलं गुडघाभर पाण्यातच तर राहायचंय, आणि दोन मुलं घेऊन उतरलो, बहीण-भाऊ होते, १४ आणि १२ वर्षांचे. बारा एक मिनिटं अगदी मजेत गेली. मग मी मुलीच्या पायाची जागा दाखवायला वाकलो आणि माझी पाठ झाली समुद्राकडे, तेवढ्यात टोळी आली. पहिली लाट निभली, दुसऱ्या लाटेने मुलाच्या हातातला बोर्ड आडवा फिरवला आणि तो त्याच्या हनुवटीवर बसला. चार टाके पडले. मुलगा धीराचा होता, पण त्याच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे, १२ सेकंदांच्या वर पिरियड आणि पाऊण मीटरच्या वर लाट असेल तर नवशिक्या मुलांना पाण्यात न्यायचं नाही, मग आईवडील कितीही म्हणोत की आम्ही एवढ्या लांबून आलोय.

याच लांबून आलेल्या लाटांना केरळात कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र, चोरासारखा न सांगता येतो म्हणून. मे २०२४ मध्ये कन्याकुमारीला पाच तरुण शिकाऊ डॉक्टर अशाच दिवशी किनाऱ्यावरून ओढले गेले, त्या दिवसांत उंच लाटांचा इशारा लागू होता. हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, ती मच्छीमारांसाठी आणि किनाऱ्यासाठी जिल्हावार उंच लाटांचे इशारे देते, त्यांच्या साइटवर सिंधुदुर्ग आणि गोवा दोन्ही बघता येतात. येण्याआधी तीन-चार दिवस रोज एकदा बघत जा. आणि इथे आल्यावर मालवण बंदरावर बावटा कुठला लावलाय ते कुणालाही विचारा, तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे हवा बिघडायची सूचना आहे, त्या दिवशी पाण्याचा विषयच काढायचा नाही.

यात तुमच्या सोयीची गोष्ट एक आहे, लांबून येणाऱ्या लाटेचा अंदाज बऱ्यापैकी खरा येतो. कारण ती आधीच निघालेली असते, फक्त पोचायची बाकी असते. त्यामुळे २० तारखेला अ‍ॅपने २३ ला १५ सेकंद दाखवलं तर ते खरं धरून चाला. वाऱ्याचं तसं नाही. वाऱ्याचा आणि वळवाच्या पावसाचा अंदाज मेमध्ये दोन दिवसांच्या पुढचा मी मनावर घेत नाही.

वाऱ्यावर येतो. तुम्ही १८ किलोमीटर लिहिलंय पण किती वाजताचे ते लिहिलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, मतलई म्हणतात त्याला, हलका असतो आणि लाटेचं तोंड साफ ठेवतो. आठ-नऊ वाजता तो पडतो, तासभर काहीच नसतं, माडाचं झावळं हलत नाही आणि घामाच्या धारा लागतात, आणि अकराच्या सुमाराला खारा वारा सुरू होतो वायव्येकडून, तीन-चार वाजता त्याचा जोर सगळ्यात जास्त. तेव्हा तुमचे १८ किलोमीटर सकाळी सातचे असतील तर ती काळजीची गोष्ट आहे आणि दुपारी तीनचे असतील तर ते रोजचंच आहे. दोन्हीचा अर्थ वेगळा निघतो. मी मेमध्ये सगळे क्लास सकाळी साडेसहा ते साडेनऊच्या आत संपवतो, दुपारचा वर्ग घेतच नाही, एक तर वाऱ्याने पाणी कुस्करल्यासारखं होतं आणि दुसरं म्हणजे त्या उन्हात मुलांना चक्कर येते.

पाऊस जवळ आला की हेच गणित बिघडतं, आणि ते अ‍ॅपच्या आधी अंगाला कळतं. वारा रात्री पडायचा बंद होतो. वायव्येचा वारा पश्चिमेला आणि मग नैर्ऋत्येला सरकतो, पहाटेची मतलई येतच नाही, आणि कपडे रात्रभर बाहेर असले तरी सकाळी ओलसरच लागतात. आमच्याकडे बायका तेव्हा आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं उरकायला घेतात, मासे, आमसुलं, पापड उन्हातून आत, लाकडं पडवीत. हे दिसायला लागलं की मी बोर्ड धुऊन, लिश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) सोडून, आत ठेवायला लागतो, मग कॅलेंडरवर काही तारीख असो. तुम्ही आलात की पहिल्या रात्री अकरा वाजता जरा बाहेर येऊन उभे राहा. वारा चालू असेल आणि तो समुद्राकडून असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी फार अपेक्षा ठेवू नका.

वळवाच्या पावसाचं वेगळं आहे. तो येतो उलट बाजूने, सह्याद्रीकडून, संध्याकाळी. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या तो पाठीमागून येतो, म्हणून कळत नाही. पहिला गडगडाट ऐकू आला की पाण्यातून आणि उघड्या पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, निघायचं, शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास परत यायचं नाही. सपाट वाळूवर उभा माणूस आणि त्याच्या डोक्यावर धरलेली छत्री ही आजूबाजूची सगळ्यात उंच वस्तू असते.

आता भरती-ओहोटी. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणायचं म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते, दिवसा आणि रात्री दोन्ही. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, पण अंदाजाला पुरतं, मी अजूनही मोबाईल काढायच्या आधी मनात हेच करतो. मालवण-गोव्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मुंबईच्या मानाने निम्मंच, तरी ते महत्त्वाचं आहे, कारण मेमध्ये पुळण सगळ्यात भरलेली असते. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून बाहेर नेतात आणि ऑक्टोबरपासून ती हळूहळू परत येते, मेपर्यंत किनाऱ्यावर वाळूची उंच पायरीच तयार झालेली असते. पूर्ण भरतीला लाट या पायरीवर येऊन धप्पकन आपटते. तिथे मुलं खेळत असतात, पाणी घोट्याएवढं असतं, आणि लाट त्यांना उचलून सरळ कडक वाळूवर टाकते. पाण्यात बुडण्याइतकीच मान-खांदा दुखावण्याची भीती तिथे असते, आणि लोकांना ती माहीत नसते.

शिकायला चांगली वेळ म्हणजे अर्धी भरती, पाणी चढत असताना. लाट बाहेर वाळूच्या पट्ट्यावर फुटते, तिचा पांढरा फेस कमरेच्या पाण्यातून सरळ आत येतो, आणि पडलात तरी पाणी तुम्हाला किनाऱ्याकडेच आणतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ही वेळ सकाळी आठच्या सुमाराला मिळते, जी वाऱ्याच्या हिशेबानेही बरोबर आहे, पण तेव्हा उधाण असल्यामुळे ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, ओढ कमी, पण सकाळी पाणी उतरत असतं. म्हणजे सगळं एकदम जुळून येत नाही, काहीतरी सोडावं लागतं. लहान मुलं असतील तर मी भांगाचे दिवस निवडतो, पाणी उतरत असलं तरी चालेल, फक्त नदीच्या मुखापासून लांब.

हे नदीच्या मुखाचं नीट लक्षात घ्या कारण तुम्ही तारकर्लीला राहताय. तिथून देवबागचा चिंचोळा पट्टा खाली संगमापर्यंत जातो, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. जागा फार सुंदर आहे, बघायला जरूर जा. पण सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की सगळ्या खाडीचं पाणी त्या मुखातून बाहेर धावतं आणि समोरून लाट आत येत असते, दोघांची झटापट होते तिथे पोहायला किंवा बोर्ड घेऊन कुणीही उतरू नये. मोरजीला शापोरा नदी, केरीला तेरेखोल, तिथेही हेच.

आणि सरळ किनाऱ्यावरसुद्धा ओढीची जागा ओळखायला शिका. रिप करंट म्हणतात तिला. लाटेने आत आणलेलं पाणी कुठूनतरी परत जायला हवं, ते वाळूच्या पट्ट्यातल्या खोल फटीतून जातं. किनाऱ्यावरून बघितलं तर दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये एक पट्टा गडद, गुळगुळीत, लाट न फुटणारा. नवीन माणूस नेमका तिथेच पोरांना उतरवतो, इथे लाटा नाहीत म्हणून. लाटा नाहीत कारण तिथे पाणी खोल आहे आणि बाहेर चाललंय. खात्री करायची असेल तर मी नारळाचं सोडण, म्हणजे वरचं साल, टाकतो, पुळणीवर कुठेतरी पडलेलं असतंच, घोटाभर पाण्यात उभं राहून जमेल तेवढं लांब फेकायचं आणि दोन मिनिटं बघायचं. फेसाबरोबर परत पायाशी आलं तर बरं. तिथल्या तिथे डुलत राहिलं तरी ठीक. पण शांतपणे बाहेर बाहेर जायला लागलं की ती जागा सोडायची आणि शे-दीडशे पावलं चालून परत टाकून बघायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो, तुमच्या दोघांना द्या करायला, आयुष्यभर लक्षात राहील.

त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट करायचा नाही, दमायला होतं आणि माणूस दमून बुडतो. पाठीवर तरंगायचं, हात वर करून बोलवायचं, ओढ मंदावली की किनाऱ्याला समांतर, फेस असेल त्या बाजूला सरकायचं. सर्फबोर्ड असेल तर तो सोडायचा नाही, तो सगळ्यात मोठा तराफा आहे. हे भाच्याला मुद्दाम वाचायला द्या. १९ वर्षांची मुलं पोहण्याच्या तलावात चांगली पोहतात आणि त्यामुळेच पुढे जातात, आमच्याकडे दर उन्हाळ्यात ज्या बातम्या येतात त्यात याच वयाची मुलं जास्त असतात. आणि बाहेरून बघणाऱ्याने पाण्यात उडी मारायची नाही, तरंगेल असं काहीही फेकायचं, रिकामा कॅन, बोर्ड, हवा भरलेली ट्यूब, आणि होडीवाल्यांना किंवा जीवरक्षकाला हाक मारायची.

इथपर्यंतचं एका दमात: आदल्या रात्री पिरियड, वाऱ्याची वेळ आणि तिथी बघायची, सकाळी किनाऱ्यावर जाऊन वीस मिनिटं नुसतं बसायचं. वीस का, तर टोळी दहा-पंधरा मिनिटांनी येते, पाच मिनिटं बघून ती दिसणारच नाही. मी लहान असताना आजोबा रापणीला जायच्या आधी पुळणीवर उकिडवे बसून विडी ओढत नुसते समोर बघत राहायचे आणि मी पाण्याकडे पळायला लागलो की म्हणायचे, "आधी हंय बस. घाई कित्याक?" मला तेव्हा वाटायचं म्हातारा वेळ काढतोय. ते लाटा मोजत असायचे, पाण्याचा रंग बघत असायचे, कुठला पट्टा मातकट झालाय आणि तो कुठे चाललाय हे बघत असायचे. आज मी माझ्या मुलांना आणि विद्यार्थ्यांना तेच सांगतो आणि तेही तसेच चुळबुळ करतात.

तारकर्ली की आश्वे? सर्फिंग शिकायचं असेल तर माझं मत आश्वे, आणि त्याचं कारण मी तिथे शिकवतो हे नाही. मालवणच्या बाजूला समुद्रात खडप, म्हणजे खडक, आहे, किल्ल्याच्या आजूबाजूचा भाग त्यामुळे आडोशाला येतो आणि तारकर्लीला सीझनभर लाट अंगाने लहान असते, पोहायला छान पण बोर्डला ढकलायला कमी पडते. मेच्या शेवटी ती एकदम वाढते तेव्हा मधली पायरीच नसते, आज काही नाही आणि उद्या जास्त. आश्वे-मांद्र्याला तळ सपाट आहे, फेस लांबवर वाहत येतो, आणि गोव्यात २००८ पासून मोठ्या किनाऱ्यांवर नेमलेले जीवरक्षक आहेत, लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये उतरायचं, इतकं स्पष्ट असतं. तारकर्लीहून आश्वे अडीच-तीन तासांवर आहे, सकाळी साडेसहाला पाण्यात असायचं तर आदल्या रात्री तिकडे मुक्काम करावा लागेल. तेवढं जमत नसेल तर तारकर्लीला मुलांना बॉडीबोर्ड (पोटावर झोपून लाटेवर घसरायचा छोटा बोर्ड) द्या आणि कमरेच्या आत खेळू द्या, त्यातही खूप आनंद आहे, आणि लाटेचा हिशेब शरीराला तिथेच पहिल्यांदा कळतो.

जाणकार लोक सांगतील की मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीलाच खरी सर्फिंगची मजा, कर्नाटकात मुल्की-ससिहित्लूला इंडियन ओपन ऑफ सर्फिंग याच दिवसांत होते. बरोबर आहे ते, पण ती वर्षानुवर्षं लाटेत असलेल्यांची मजा. त्यांना जी लाट हवी असते तीच तुमच्या मुलांना नको असते. तुमच्या मुलांचा महिना डिसेंबर-जानेवारी.

मुलांबद्दल. ११ वर्षांचा मुलगा पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडू शकत असेल आणि पडल्यावर घाबरून न ओरडता उठत असेल तर त्याला शिकवता येईल. ८ वर्षांच्या मुलीचं मी बघितल्याशिवाय सांगणार नाही, वयापेक्षा पाण्याशी ओळख किती आहे त्याच्यावर ते आहे, काही आठ वर्षांच्या मुली मासोळीसारख्या असतात. पण एक शिक्षक आणि दोनपेक्षा जास्त लहान मुलं, असा क्लास मेमध्ये घेऊ नका. बोर्ड सॉफ्टटॉप, म्हणजे वरून फोमचा, हवा, मुलाला सात-आठ फुटी पुरेल, भाच्याला नऊ फुटी. फायबरचा कडक बोर्ड पहिल्या दिवशी कुणी हातात दिला तर नको म्हणा. शिक्षकाला विचारा की आयएसएचं (आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटना) किंवा सर्फिंग फेडरेशनचं प्रशिक्षण झालंय का, सीपीआर येतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, "आज पाणी बरोबर नाही वाटलं तर पैसे परत की दुसरा दिवस?" चांगला शिक्षक या प्रश्नाला लगेच उत्तर देतो, कारण त्याने ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. जो म्हणतो की आमच्याकडे रोज चालूच असतं, त्याच्याकडे मेच्या शेवटी मुलं सोपवू नका.

पाणी या दिवसांत तीस अंशांच्या आसपास असतं, वेटसूट लागत नाही, पण पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड किंवा घट्ट टीशर्ट घाला, बोर्डने छाती-पोट सोलवटतं आणि सकाळी आठचं ऊनही पाण्यात भाजतं. पश्चिमेचा वारा लागला की निळे फुग्यासारखे, जेलीफिशच्या जातीचे ब्लू बॉटल किनाऱ्याला लागायला लागतात, वाळूत पडलेले मेल्यासारखे दिसले तरी डंख मारतात. मुलांना आधीच दाखवून ठेवा. लागलंच तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, समुद्राच्याच पाण्याने तंतू धुऊन काढायचे आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं धरायचा. श्वासाला त्रास किंवा खूप सूज वाटली तर सरळ दवाखाना.

स्कूबाचं तुम्ही विचारलं नाहीत पण रिसॉर्टवाले विचारतील. मेच्या शेवटी पाणी गढूळ व्हायला लागतं, खालचं फारसं दिसत नाही. पैसे डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा.

आता असं करा, २० तारखेच्या रात्री विंडी किंवा विंडगुरू अ‍ॅप उघडून तारकर्ली आणि आश्वे दोन्हीचे २३ आणि २४ तारखेचे आकडे लिहून काढा: स्वेलची (लांबून आलेल्या लाटेची) उंची, पिरियड, दिशा, आणि सकाळी ६, ९ व दुपारी ३ चा वारा, दिशेसकट. ते इथे टाका. मी तेव्हा आश्वेलाच असेन, समोरचं पाणी बघून सांगतो मुलांना आणायचं की नाही.